ड्राय नीडलिंगला उपाशी पोटी येऊ नका

ड्राय नीडलिंग म्हणजे दुखऱ्या, ताठरलेल्या स्नायूत बारीक सुई टोचून आराम देण्याचा फिजिओथेरपीतला उपचार. आमच्याकडे त्याची वेळ घेताना जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "सुईत औषध कुठलं असतं?" आणि ठरलेल्या दिवशी, काहीही न विचारता, उपाशी पोटी हजर होतो. प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं. उपाशी येण्यामुळे मात्र तुमचीही फेरी फुकट जाते आणि तुमच्यानंतरच्या पेशंटचीही वेळ बिघडते. हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

आधी सुईबद्दल. तिच्यात औषध नसतं. ती पोकळच नाही, भरीव आहे. जाडी साधारण ०.२५ ते ०.३० मिलिमीटर. कमरेवर घेतो त्या इंजेक्शनची सुई याच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जाड असते, त्यामुळे तो अनुभव आठवून घाबरू नका. ॲक्युपंक्चरला वापरतात तीच ही सुई. पण टोचायचं कुठे, हे ठरवायची रीत वेगळी आहे. ॲक्युपंक्चर चिनी वैद्यकातल्या बिंदूंवर चालतं. आम्ही स्नायू बोटांनी चाचपून त्यातला ताठरलेला पट्टा आणि त्यावरची सगळ्यात दुखरी जागा, म्हणजे ट्रिगर पॉइंट, शोधतो. "मानेत गाठ आलीय" म्हणून तुम्ही बोट ठेवून दाखवता, ती बहुतेक वेळा हीच असते. सुई नेमकी तिथे पोचली की स्नायू क्षणभर आपोआप उडतो. ते विचित्र वाटतं, पण जागा बरोबर सापडल्याची ती खूण असते.

पूर्वी डॉक्टर अशा जागी भुलीचं औषध टोचत. झेक डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात मांडलं की आराम पडतो त्यात औषधापेक्षा सुईचाच भाग मोठा असतो. आज फिजिओथेरपीत जे ड्राय नीडलिंग चालतं, त्यामागे असं बरंच काम आहे. ही नवी टूम नव्हे.

आता पोटाचं.

सुई म्हटली की लोकांच्या डोक्यात रक्त तपासणी येते. साखर बघायला उपाशी, सोनोग्राफीला उपाशी, ऑपरेशनला तर पाण्याचा घोटही नाही. त्यामुळे इथेही तसंच असणार असं समजून काळजीपूर्वक न जेवता येणारे खूप आहेत, आणि त्यात सांगितलेलं सगळं नीट पाळणारी ज्येष्ठ मंडळी जास्त. इथे गरज बरोबर उलटी आहे. आम्ही भूल देत नाही, रक्त काढत नाही. पोटात अन्न असल्याने काहीच बिघडत नाही, नसल्याने मात्र बिघडतं.

सुई टोचताना काही जणांच्या शरीराची एक प्रतिक्रिया होते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब एकदम उतरतो, मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ कमी पडतं. कपाळावर गार घाम येतो, मळमळतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस बेशुद्धही पडू शकतो. भीती, थकवा आणि रिकामं पोट एकत्र आलं की हे होण्याची शक्यता वाढते. आडवं केलं, पाय वर उचलून ठेवले की बहुतेकांना थोड्या वेळात बरं वाटतं. म्हणूनच आम्ही पहिल्या वेळी कुणालाच बसवून सुई लावत नाही, झोपवूनच लावतो. तरी एकदा चक्कर आली की त्या दिवशी पुढे काही करता येत नाही. रक्तदाब नीट होईपर्यंत आम्ही तुम्हाला सोडत नाही, आणि बाहेर बसलेले ताटकळतात.

मधुमेहींसाठी ही बाब अधिक गंभीर आहे. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता आलात तर साखर खाली जाऊ शकते. साखर उतरल्याचा घाम आणि सुईच्या चक्करेचा घाम वरून सारखाच दिसतो. आमच्याकडे ग्लुकोमीटर आहे, आम्ही लगेच बघतो, पण तुम्हाला त्या अवस्थेपर्यंत जाऊ देणं आम्हाला मान्य नाही.

डोंबिवलीत आणखी एक प्रकार होतो. संध्याकाळी सात-साडेसातला थेट स्टेशनवरून येणारे म्हणतात, "जेवलोय ना." म्हणजे दुपारी एकचा डबा, मग चारचा चहा, मग उभ्याने लोकल. सहा तास उलटून गेलेले असतात. हे उपाशीच आहे. नुसता चहा आम्ही खाण्यात धरत नाही.

तेव्हा एक-दीड तास आधी हलकं काही खा: पोहे, उपमा, पोळी-भाजी, नाहीतर दोन केळी. पाणी पिऊन या. भरपेट जेवून मात्र लगेच येऊ नका, पाठीच्या स्नायूंसाठी पालथं झोपावं लागतं. ऑफिसातून येणाऱ्यांनी सुटताना डब्यातली एक पोळी ठेवून ती गाडीत बसण्याआधी खाल्ली तरी चालेल. संकष्टी, एकादशी किंवा श्रावणी सोमवारचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचा लाडू, वरईचा भात, काहीही चालतं. हरतालिकेसारखा कडक उपास असेल तर दुसरा दिवस घ्या. रोजे असतील तर इफ्तारनंतरची वेळ मागा, आम्ही ती आवर्जून राखून ठेवतो.

खाऊन आला नसाल तर तसं खरं सांगा. आम्ही रागावणार नाही, पण त्या दिवशी सुई लावणार नाही. त्या वेळेत हाताने स्नायू मोकळे करणं आणि व्यायाम करून घेऊ, फी तीच राहील. यावर काही जण नाराज होतात. ती पाऊण तासाची वेळ तुमच्यासाठीच राखलेली असते आणि त्या दिवशीचं कामही खरंच उपयोगाचं असतं, त्यामुळे हा नियम आम्ही बदललेला नाही.

दुसरी तक्रार: "डोकं दुखतंय तर खांद्यात कशाला टोचता?" खांद्याच्या वरच्या ट्रॅपेझियस स्नायूतली गाठ मानेवरून कानशिलापर्यंत दुखणं पाठवते. लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला आणि बॅग छातीशी, असा रोजचा प्रवास करणाऱ्यांच्या खांद्यात ती हमखास सापडते. कुल्ल्यातल्या ग्लुटिअस मिनिमस या लहान स्नायूचं दुखणं थेट पायाच्या बाहेरच्या अंगाने घोट्यापर्यंत उतरतं आणि लोक त्याला सायटिका समजतात. उलट खरोखर नस दबली असेल तर केवळ सुईने भागणार नाही. म्हणून पहिल्या भेटीत आम्ही तपासणीलाच वेळ देतो आणि गरज वाटली तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवतो. फोनवर "फक्त सुई मारून द्या, तपासणी नको" म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही सांगतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, दिवस गेले असतील, स्तनाच्या ऑपरेशननंतर हाताला सूज राहत असेल, तर ते सुईच्या आधी सांगा. गोळी मनाने बंद करून मात्र मुळीच येऊ नका. ती महत्त्वाची आहे, आमचा उपचार थोडा थांबला तरी चालतो.

नंतरचे एक-दोन दिवस ती जागा खूप व्यायाम केल्यासारखी ठणकते, कधी छोटा निळा डाग पडतो. हे अपेक्षित आहे. शेक घ्या, हात-पाय हलते ठेवा. त्याच रात्री तिथे जोर लावून तेल रगडून घेऊ नका. मान, खांदा किंवा पाठीच्या वरच्या भागात सुई लावल्यावर दम लागला, छातीत दुखलं किंवा कोरडा खोकला सुरू झाला तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा आणि सुई लावल्याचं तिथे सांगा. फुप्फुसाला इजा होणं दुर्मीळ आहे, पण ते काही तासांनीही लक्षात येऊ शकतं. बरगड्यांवरच्या भागात आम्ही सावकाश काम करतो ते यासाठीच. कुणाला तो वेळकाढूपणा वाटला तरी तिथे आम्ही घाई करणार नाही.

सुईने आराम पडतो तो बहुधा काही दिवस ते काही आठवडे टिकतो. त्या काळात दुखणं कमी असताना व्यायाम केले तर पुढचा फायदा मिळतो. नुसतीच सुई घेत राहिलात तर तीच गाठ परत येते. व्यायामाचा कागद आम्ही प्रत्येकाला लिहून देतो आणि पुढच्या भेटीत करून दाखवायला सांगतो. दहा-बारा सिटिंगचं पॅकेज आम्ही आगाऊ विकत नाही. दोन-तीन वेळांत फरक दिसला नाही तर आम्ही स्वतः थांबून पुन्हा तपासतो.

प्रत्येक सुई निर्जंतुक पाकिटातून तुमच्यासमोर काढली जाते, एकदाच वापरली जाते आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यात जाते. तो डबा खाटेशेजारीच असतो. आमच्या थेरपिस्टची राज्य परिषदेकडची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे, ड्राय नीडलिंगच्या वेगळ्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही शेजारी आहे. दुसरीकडे कुठे उपचार घेणार असाल तर तिथेही या दोन्ही गोष्टी विचारा.

वेळ ठरल्याच्या दिवशी दुपारी रिसेप्शनवरून फोन येईल आणि पहिला प्रश्न असेल, काय खाऊन येणार आहात. संध्याकाळी साडेआठनंतरच्या वेळा ऑफिसातून घरी जाऊन, थोडं खाऊन येणाऱ्यांसाठी ठेवल्या आहेत. हव्या असतील तर नाव आधी नोंदवा, त्या लवकर भरतात.