क्रूझ लागेना, तर ब्रेकचे दिवे का पाहतात?

ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा ठरवलेला वेग राखते ती यंत्रणा म्हणजे क्रूझ कंट्रोल. "क्रूझ लागंना झालंय" म्हणून बेळगावात एखाद्या मुरलेल्या वायरमनकडे गाडी नेली, तर तो बोनेटला हातही लावत नाही. गाडीमागे जाऊन उभा राहतो आणि ब्रेक दाबायला सांगतो. दिवे लागतात का, पाय काढल्यावर लगेच विझतात का, एवढंच त्याला बघायचं असतं. नवख्या मालकाला हे उफराटं वाटतं. पण वेग धरणं हे या यंत्रणेचं तसं सोपं काम. ब्रेक दाबताच धरलेला वेग सोडायचा कसा, यावरच इंजिनिअरांनी जास्त डोकं घातलं, आणि बहुतेक बिघाडही तिथेच निघतात.

वेग आपोआप राखायची युक्ती मोटारीहून जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. वेग वाढला की गोळे बाहेर फाकायचे आणि वाफेची झडप आवळली जायची. विहिरीवरच्या डिझेल इंजिनात हाच गव्हर्नर असतो, त्यामुळे आपल्या शेतकऱ्यांना तो नवा नाही.

मोटारीत ही कल्पना रुजवली राल्फ टीटर यांनी. अमेरिकेत इंडियानातल्या हॅगर्सटाउनला पर्फेक्ट सर्कल ही पिस्टन रिंगांची कंपनी होती, तिथले हे इंजिनिअर. बेळगावच्या उद्यमबाग कारखाना वसाहतीत लेथवर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ते आपल्यातलेच वाटतील. लहानपणीच्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. त्यांचा वकील बोलता बोलता गाडी हळू करी आणि ऐकताना पळवी, त्या हिसक्यांना वैतागून त्यांनी हे काम हाती घेतलं, असं सांगतात. महायुद्धाच्या काळात तिकडे ताशी ३५ मैलांची मर्यादा होती, तेही एक कारण. १९५० साली पेटंट मिळालं. त्या यंत्रात ठरवलेला वेग आला की ॲक्सिलरेटर पायाला उलटा रेटायचा. १९५८ मध्ये क्रायस्लरने इम्पीरियल गाडीत 'ऑटो पायलट' नावाने ते दिलं, आणि १९७३ च्या तेलटंचाईनंतर त्याला खरा भाव आला.

पुढची बरीच वर्षं थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, ओढायचं काम व्हॅक्यूमवर चालणारा डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, करी. त्या गाड्यांत ब्रेक मोकळा आहे हे कळण्यासाठी अनेक कंट्रोल युनिटना ब्रेकच्या बल्बमधूनच अर्थिंग मिळायचं. बल्ब उडाले, किंवा हौसेने एलईडी बसवले, की क्रूझ बंद! फोर्डच्या बाबतीत क्रूझ सोडवणारं बटणच अंगाशी आलं. ब्रेकच्या दाबावर चालणाऱ्या स्विचमध्ये किल्ली काढल्यावरही करंट असायचा. पातळ पडद्यातून ब्रेक ऑइल आत झिरपलं की उभी गाडी पेट घेई. १९९९ ते २००९ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आपल्याकडे क्रूझ सर्रास दिसू लागलं तोवर थ्रॉटल केबलच्या ओढीऐवजी वायरमधून येणाऱ्या विजेच्या इशाऱ्यावर चालू लागला होता. वेगळी मोटर नाही, डायफ्राम नाही. सगळा कारभार इंजिनच्या कॉम्प्युटरकडे. मग नादुरुस्त होणार काय? ब्रेक पेडलच्या वरचा स्विच. त्यात बहुधा दोन संपर्क असतात, एक जुळला की दुसरा तुटतो. दोघांचं जमलं नाही तर कॉम्प्युटर क्रूझ देतच नाही. काही गाड्यांत पेडलवरचा स्टॉपर म्हणजे प्लास्टिकची टिकलीएवढी गुंडी. ती वाळून तुटते, तुकडे पायाखालच्या मॅटवर सापडतात, आणि मागचे दिवे रात्रंदिवस जळत राहतात. गुंडी काही रुपयांची, बॅटरी उतरते ती वेगळीच. गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून लाइव्ह डेटात ब्रेक आणि क्लचचे स्विच पाहिले की पाच मिनिटांत उलगडा होतो. क्रूझबरोबर हॉर्नही गेला असेल आणि एअरबॅगचा दिवा लागला असेल, तर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे फिरत्या स्टिअरिंगपर्यंत वीज नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटलेली. तिथे हात घालण्याआधी बॅटरी सोडवावीच. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही सोबत लागला असेल, तर चाकाचा सेन्सर किंवा उंदराने कुरतडलेली त्याची वायर बघावी.

काही तक्रारी बिघाडाच्या नसतातच. निपाणीजवळच्या तवंदी घाटाच्या उतारावर गाडी ठरवल्यापेक्षा पळते, कारण साधं क्रूझ वॉटच्या गव्हर्नरसारखं फक्त इंधन आवळतं, ब्रेक लावत नाही. चढावर वेग फारच पडला तर ते आपणहून सुटतं. चौपदरी महामार्गावर मोटारींना ताशी १०० ची मर्यादा आहे. पण उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना समोर येतो, तेव्हा संकेश्वर परिसरात रात्री क्रूझ लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

पुढच्या गाडीचं अंतर राखणारं क्रूझ जपानमध्ये १९९५ ला मित्सुबिशीने लेसरवर आणलं आणि मर्सिडीजने १९९९ ला रडारवर. आपल्याकडे २०२१ च्या एक्सयूव्ही ७०० नंतर ते बऱ्याच घरांत पोचलं. त्याचे बिघाड आणखी वेगळे. पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला घाट करून आल्यावर बंपरवरचा लाल चिखल आधी धुवावा. रडार झाकला गेला की क्रूझ बंद पडतं, आणि धुऊनही लागलं नाही तरच गॅरेज गाठावं. बंपर ठोकून सरळ केला असेल तर मात्र रडारचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची दिशा पुन्हा नेमकी जुळवणं, करून घ्यावंच लागतं, आणि ते रस्त्याकडेच्या गॅरेजात होत नाही.