बोकड ओठ का दुमडतो?

सोलापूर जिल्ह्यात शेळ्या पाळणाऱ्या कोणत्याही घरी एक दृश्य हमखास दिसते. उस्मानाबादी बोकड शेळीच्या मूत्राला तोंड लावतो, मान उंचावतो, वरचा ओठ दुमडतो आणि काही क्षण तसाच उभा राहतो. पाहणाऱ्याला तो हसल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात शेळी माजावर आली आहे का, याची तो चाचपणी करत असतो.

शेळीवर्गीय जनावरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, नुसती कठीण हिरडी असते. तिच्या लगेच मागे टाळूवर दोन बारीक छिद्रे असतात आणि ओठ दुमडलेला असताना त्यांच्या वाटेने मूत्रातील रेणू नाकाच्या मधल्या पडद्याच्या तळाशी असलेल्या, द्रवाने भरलेल्या दोन नळ्यांत खेचले जातात. लुडविग जेकबसन या डॅनिश शल्यचिकित्सकाने १८१३ मध्ये वर्णन केलेले हे जेकबसनचे इंद्रिय होय. हवेत सहज न उडणारे जड रेणूही ते टिपते आणि त्याचे संदेश मेंदूतील स्वतंत्र गंधकंदामार्फत (गंधाचे संदेश स्वीकारणाऱ्या भागामार्फत) प्रजनन व आक्रमकतेशी निगडित भागांकडे जातात.

कडब्याचा किंवा शेंगाचटणीचा वास मात्र नाकाच्या छताशी असलेल्या गंधपटलावर कळतो. तिथल्या ग्राही प्रथिनांची, म्हणजे वासाचे रेणू पकडणाऱ्या प्रथिनांची, जनुके लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. उंदरात अशी कार्यक्षम जनुके हजारावर, तर माणसात सुमारे चारशे आहेत. उंदराच्या नाकपुडीच्या टोकाशी ग्रुनेबर्गची गुच्छिका नावाचा आणखी एक इवलासा पेशीपुंज असतो आणि संकटात सापडलेल्या दुसऱ्या उंदराने सोडलेले धोक्याचे रेणू तो ओळखतो, असे २००८ मध्ये दिसून आले.

मिरचीच्या फोडणीचा ठसका हा तर वासच नव्हे. तो चेहऱ्याच्या त्रिशाखी चेतातंतूने जाणवलेला दाह असतो. माणसात जेकबसनच्या इंद्रियाचा अवशेष आढळतो, पण त्याला मेंदूशी जोडणारे चेतातंतू प्रौढपणी सापडत नाहीत.

फेरोमोन, म्हणजे एकाच जातीच्या प्राण्यांत संदेश पोचवणारी रसायने, फक्त जेकबसनच्या इंद्रियालाच कळतात, हे अनेकदा छापून येणारे विधान अर्धेच खरे आहे. डुकराची मादी नराच्या लाळेतील फेरोमोन मुख्य गंधपटलानेच ओळखते. मेंढीही व्यायल्यानंतर काही तासांतच आपल्या कोकराचा वास पक्का करते आणि परक्या कोकराला कासेला लागू देत नाही. तिचेही काम प्रामुख्याने त्याच पटलावर चालते.