हाडांची गोळी: कुणी घ्यावी, किती वर्षं?

कोकणात सत्तरीपुढच्या बाईची पाठ वाकलेली दिसली की कुणाला त्यात आजार दिसत नाही. जन्मभर लावणी केली, विहिरीचं पाणी डोक्यावरून वाहिलं, पाठ वाकायचीच, असं घरचे म्हणतात आणि ती स्वतःही म्हणते. वरच्या फळीवरच्या आमसुलांच्या बरणीला हात पोचेनासा होतो, नेहमीचं लुगडं पायात यायला लागतं. अशा पाठीत बऱ्याचदा दोन-तीन मणके चेपलेले असतात. मणका चेपणं म्हणजे मोडणंच. फक्त त्यातली साधारण दोनतृतीयांश फ्रॅक्चर कुणाच्या लक्षातही न येता होतात, कारण दुखणं ‘कंबर धरली’ या नावाखाली बाम लावून निघून जातं. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटीमीटरने कमी झाली असेल तर पाठीचा एक्स-रे काढून घ्यावा.

हे आधी सांगितलं, कारण हाडांच्या ठिसूळपणावरची गोळी घ्यायची की नाही याचा हिशेब इथून सुरू होतो. ज्या बाईचा एक मणका मोडला आहे तिचा दुसरा मोडण्याची शक्यता बरीच वाढलेली असते, आणि औषधाचा सगळ्यात जास्त उपयोगही तिलाच.

ॲलेंड्रोनेट ही या गोळ्यांतली जुनी आणि स्वस्त. १९९६ साली तिची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. मणका आधीच मोडलेल्या २०२७ बायकांवर तीन वर्षं हा अभ्यास चालला. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या १५ जणींचा नवा मणका मोडला, खरी गोळी घेणाऱ्यांत ८ जणींचा. खुब्याचं फ्रॅक्चर शंभरी २.२ वरून १.१ वर आलं. आता हाच खुब्याचा आकडा ‘धोका निम्म्यावर’ असाही छापता येतो आणि ‘शंभरात एकीचा खुबा वाचला’ असाही. दोन्ही खरंच आहे. औषध कंपनीच्या पत्रकावर पहिला येतो. डॉक्टरांसमोर बसल्यावर दुसरा विचारावा. पण ‘एकच ना?’ म्हणून तो उडवूनही लावू नये. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार म्हातारपणी खुबा मोडलेल्या माणसांपैकी पाचात एक ते चारात एक वर्षभरात दगावतं, आणि उरलेल्यांतली बरीच पुन्हा आधाराशिवाय चालत नाहीत. जिथे घर ते रस्ता म्हणजे चाळीस पायऱ्यांची जांभ्याची पाखाडी, तिथे न चालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

ही औषधं ज्या कुळातली आहेत त्या बिस्फॉस्फोनेट रसायनांचा मूळ उपयोग कारखान्यांच्या पाइपांत क्षार साचू नये म्हणून होत असे. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हाडांकडे वळवली. हाड वरून दगडासारखं वाटलं तरी ते आतून सतत बदलत असतं; मोठ्या माणसाच्या सांगाड्यातला साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो. पावसाआधी घर शाकारताना एकजण फुटकी कौलं उतरवतो आणि मागून दुसरा नवी बसवत येतो, तसं हे काम चालतं. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं, उतरवणाऱ्याचा हात सुटतो आणि बसवणारा मागे पडतो. गोळीतलं रसायन हाडाच्या खनिजाला चिकटून बसतं, आणि हाड खाणाऱ्या पेशीने तो भाग खाल्ला की त्या पेशीचंच काम बंद पडतं. हाडाची झीज थांबते. पण बारीक तडा गेलेलं कौलही मग उतरवलं जात नाही, वर्षानुवर्षं तिथेच राहतं. औषधाचा गुण आणि त्याचा सगळ्यात चर्चेतला दोष, दोन्ही याच एका गोष्टीतून येतात.

तो दोष म्हणजे मांडीचं हाड फारसा मार न लागता मधेच आडवं मोडणं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१०मध्ये याबद्दल इशारा दिला. २०२०मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या १,९६,१२९ बायकांच्या नोंदी तपासून झाल्या, तेव्हा असं फ्रॅक्चर झालेल्या २७७ निघाल्या. दहा हजार बायकांनी तीन वर्षं औषध घेतलं, तर गोऱ्या बायकांत खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची २ होतात. आशियाई वंशाच्या बायकांत ९१ टळतात आणि ८ होतात. म्हणजे पारडं फायद्याकडेच झुकलेलं आहे, पण आशियाई बायकांत कमी. कॅलिफोर्नियातल्या आशियाई बायका म्हणजे राजापूरच्या आज्या नव्हेत हे खरं. तरी परदेशी पत्रकातला आकडा आपल्याला जसाच्या तसा लावू नये एवढं यातून नक्की कळतं. धोका वर्षांबरोबर चढत जातो, आठ वर्षांपुढे खूपच, आणि औषध थांबवल्यावर झपाट्याने उतरतो. शिवाय हे हाड बऱ्याचदा आधी सूचना देतं: मांडीत किंवा जांघेत आठवडेच्या आठवडे मंद दुखत राहतं. गोळी चालू असताना असं दुखलं तर वाताचं तेल चोळत बसू नये, दोन्ही मांड्यांचा एक्स-रे काढावा.

लोकांना भीती मात्र जबड्याची. “गोळी खाल्ल्यान जबडो कुजता म्हणतत, खरां काय ता?” हा प्रश्न हमखास येतो. जबड्याचं हाड उघडं पडून भरून न येणं हा प्रकार २००३पासून माहीत आहे, पण तो प्रामुख्याने कर्करोगाच्या रुग्णांत दिसला. त्यांना हीच औषधं कितीतरी मोठ्या मात्रेत, दरमहा शिरेतून दिली जातात. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत हे प्रमाण वर्षाला दहा हजारांत एक ते लाखात एक इतकं खाली आहे. किडलेली दाढ काढायची असेल तर ती औषध सुरू करण्यापूर्वी काढून घ्यावी. मिश्री लावणाऱ्या बायकांनी आणि ज्यांची कवळी नीट बसत नाही त्यांनी तोंड आधी दाखवून घ्यावं. तंबाखू इथेही आड येतेच.

दुसऱ्या टोकाला आहेत शिबिरं. टाचेवर यंत्र लावून मोफत तपासणी होते, पन्नाशीची बाई ‘हाडं विरळ झालीत’ असा कागद घेऊन घरी येते आणि गोळी सुरू होते. ठिसूळपणा ठरवण्याचा उणे २.५ हा आकडा (तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती खाली आहे ते सांगणारा) खुबा, मणके किंवा मनगटाजवळच्या हाडाच्या डेक्सा तपासणीसाठी, म्हणजे क्ष-किरणांनी हाडाची घनता मोजण्यासाठी आहे, टाचेच्या यंत्रासाठी नाही. ॲलेंड्रोनेटच्याच १९९८च्या चाचणीत मणका न मोडलेल्या ४४३२ बायका होत्या. त्यांतल्या ज्यांची घनता उणे २.५च्या वर होती, त्यांच्यात गोळीने फ्रॅक्चर ठळकपणे कमी झाली नाहीत. वय, आधीची मोडतोड, आईचा खुबा मोडला होता का, दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टेरॉइड चालू आहे का, हे सगळं पाहिल्याशिवाय नुसत्या कागदावरून गोळी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

घ्यायची ठरली, तर ती नीट घ्यावी लागते. आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्या उठल्या रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळीही नाही, नाहीतर औषध अंगी लागतच नाही. पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही, आणि खाली वाकून अंगण झाडणं किंवा सारवणंही नको. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. चहाशिवाय ज्यांचं पान हलत नाही त्यांना हा अर्धा तास फार जड जातो. उपासाचा वार धरला तर तारीख लक्षात राहते. मूत्रपिंड अशक्त असेल तर ही औषधं टाळतात, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, आधी बघावं.

पाच वर्षं झाली की फेरविचार. २००६च्या एका चाचणीत पाच वर्षांनी थांबवलेल्या आणि दहा वर्षं चालू ठेवलेल्या बायकांची तुलना झाली. मणक्याची दुखरी फ्रॅक्चर थांबवणाऱ्यांत शंभरी ५.३, चालू ठेवणाऱ्यांत २.४, बाकीच्या फ्रॅक्चरांत फरक नाही. म्हणून मणका मोडलेलीने पुढे चालू ठेवायचं आणि बाकीच्या बऱ्याच जणींनी काही काळ थांबायचं, असा प्रघात आहे. औषध हाडात साठलेलं असल्याने थांबल्यावरही थोडा पाठिंबा राहतो.

डेनोसुमॅब या ठिसूळपणावरच्याच दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनला हे लागू नाही. ते हाडात साठत नाही. दर सहा महिन्यांनी घ्यायचा डोस चुकला की दबलेली झीज एकदम उसळते आणि एकापाठोपाठ मणके मोडू शकतात. आई लेकाकडे मुंबईला गेली, तिथे इंजेक्शन घेतलं, गावी परतली आणि पुढचं राहिलं, ही आपल्याकडे अगदी सहज घडणारी गोष्ट. अशा घरात वर्षातून एकदा सलाइनमधून द्यायचं झोलेड्रोनिक ॲसिड, हेही बिस्फॉस्फोनेटच, जास्त सोयीचं पडतं. २००७च्या चाचणीत त्याने तीन वर्षांत मणक्याची फ्रॅक्चर शंभरी १०.९ वरून ३.३ वर आणली. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते आधी भरून काढावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. पहिल्या डोसनंतर साधारण तिघींतल्या एकीला दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी होते, पॅरासिटामॉलने भागतं. चाकरमानी गणपतीला येतील तेव्हा उरकून टाकू असा बेत असेल, तर निदान चतुर्थीच्या आदल्या दिवशी नको. मोदक वळायला तिचेच हात लागणार असतात.