चिनी नववर्षातील शुभचिन्हे

चिनी नववर्ष (चुनच्ये, म्हणजेच वसंतोत्सव) : चिनी चांद्रसौर पंचांगातील पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सुरू होऊन पंधराव्या दिवशी संपणारा सण. त्याचा पहिला दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दरम्यान येतो. आपल्याप्रमाणेच तेथेही १९ वर्षांत ७ अधिक मास धरतात. त्यामुळे हा दिवस बहुधा पौष अमावास्येच्या किंवा माघ शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पडतो. कधी महिनाभर पुढे जातो. १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाने ग्रेगोरियन कालगणना स्वीकारली आणि १९१४ मध्ये जुन्या वर्षारंभाला ‘वसंतोत्सव’ हे नाव मिळाले. पुढे हा सण बंद पाडण्याचे सरकारी प्रयत्नही झाले, पण लोकांनी तो सोडला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

सणाची खरी सुरुवात आठवडाभर आधी स्वयंपाकघरात होते. चुलीजवळ त्साओ-च्युन या चूलदेवाचे कागदी चित्र वर्षभर चिकटवलेले असते. बाराव्या महिन्याच्या २३ तारखेला (दक्षिणेत २४ ला) तो स्वर्गात जाऊन जेड सम्राटाला (स्वर्गाच्या राजाला) घराचा वर्षभराचा वृत्तान्त सांगतो, अशी श्रद्धा आहे. निघण्यापूर्वी मोड आणलेल्या धान्याची चिकट साखर त्याच्या ओठांना लावतात. त्याने गोड बोलावे हा एक हेतू; तोंड चिकटून त्याला काही बोलताच येऊ नये, हा दुसरा. चित्राच्या दोन बाजूंना ओळी असतात : ‘वर गेलात की चांगले सांगा, खाली आलात की घर सुखरूप ठेवा.’ मग चित्र जाळतात आणि वर्षाच्या अखेरच्या रात्री नवे लावतात. देवाशी इतक्या घरगुती सलगीने वागणारे विधी थोडेच असतील.

घर झाडून-पुसून होते ते नववर्षाच्या आधीच. पहिल्या दिवशी केरसुणीला हात लावत नाहीत, कारण केराबरोबर लक्ष्मीही बाहेर जाईल अशी धास्ती असते. दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर काळ्या किंवा सोनेरी शाईने लिहिलेल्या जोडओळी डकवतात. दोन्ही ओळींत अक्षरांची संख्या सारखीच, आणि शब्दाला शब्द जुळलेला. या प्रथेचे मूळ पीचच्या लाकडाच्या पाट्यांत आहे. भुताखेतांना आवरणाऱ्या शन-शू आणि यू-ल्यू या द्वारदेवांची नावे त्यांवर लिहीत. पुढे थांग घराण्यातील सम्राट थाय-त्सुंगचे सेनापती छिन शू-पाओ आणि यू-ची कुंग यांची शस्त्रधारी चित्रे दारांवर आली.

या सणातली बरीचशी चिन्हे कानाने ओळखावी लागतात. चिनी भाषेत सारख्या उच्चाराचे शब्द विपुल आहेत आणि शुभेच्छा त्यांतच दडवलेल्या असतात. ‘फू’ (सौभाग्य) हे अक्षर दारावर मुद्दाम उलटे लावतात, कारण ‘उलटे’ आणि ‘आले’ या दोन्हींचा उच्चार ‘दाओ’. पाहुणा ‘फू उलटे आहे’ म्हणाला, की ‘सौभाग्य आले’ असेच ऐकू येते. मासा म्हणजे ‘यू’ आणि शिल्लक म्हणजेही ‘यू’; म्हणून अखेरच्या रात्रीच्या जेवणात अख्खा मासा वाढतात आणि पुष्कळ घरांत तो संपवत नाहीत, दुसऱ्या दिवसासाठी थोडा राखतात. न्येनगाओ हा चिकट तांदळाचा गोड पदार्थ खाल्ला, की ‘वर्षागणिक उंच’ हा अर्थ साधतो. उत्तरेत मध्यरात्री खाल्ल्या जाणाऱ्या च्याओत्झचा (सारण भरलेल्या पिठाच्या करंजीवजा पदार्थाचा) आकार जुन्या चांदीच्या लगडीसारखा असतो. एखाद्यात नाणे लपवतात आणि ते ज्याला मिळेल तो वर्षभर नशीबवान. उलट ‘चार’चा उच्चार ‘मृत्यू’शी जुळतो, म्हणून मुलांना द्यायच्या लाल पाकिटात चारच्या आकड्याची रक्कम घालत नाहीत.

फटाक्यांआधी बांबू होता. शेकोटीत टाकलेल्या हिरव्या बांबूच्या पेरांतली हवा तापली, की ती मोठा आवाज करून फुटतात. सहाव्या शतकातल्या त्सुंग लिन या लेखकाने वर्षाच्या पहिल्या पहाटे अंगणात असे बांबू फोडून दुष्टात्मे पळवण्याची चाल नोंदवली आहे. आता प्रदूषण आणि आगीच्या भीतीने अनेक शहरांत फटाक्यांवर बंदी किंवा निर्बंध आहेत.

दुसऱ्या दिवशी लग्न झालेल्या लेकी नवऱ्यासह माहेरी येतात, पाचव्या दिवशी धनदेवतेचे स्वागत होते आणि पंधराव्या दिवशी आकाशकंदिलांसह थांगयुआन हे चिकट तांदळाच्या पिठाचे गोल गोळे खाल्ले जातात. गोलाई ही कुटुंब एकत्र असण्याची खूण. शहरांत कामाला गेलेले कोट्यवधी लोक या एकत्र येण्यासाठीच गावाकडे निघतात आणि चीनची रेल्वे या दिवसांत ओसंडून वाहते. चीनबाहेरच्या वस्त्यांनीही सण जपला आहे. कोलकात्याच्या टँग्रा भागात सिंहनृत्य होते, तर मुंबईत माझगावच्या सी यूप मंदिरात तिथला छोटा चिनी समाज नववर्षाला उदबत्त्या लावण्यासाठी जमतो.