जुन्या मोटारींमधील इंधननळीची मांडणी

मोटारीच्या टाकीतील पेट्रोल हे ओढणारा पंप, गाळणारा फिल्टर आणि हवेत मिसळून इंजिनाला देणारा कार्बोरेटर यांच्यापर्यंत नेणाऱ्या नळीचा मार्ग ठरवणे, ती ठिकठिकाणी पकडून बसवणे आणि उष्णता, घासण व हादरे यांपासून तिचे रक्षण करणे, या कामाला इंधननळीची मांडणी म्हणतात. गॅरेजमध्ये या नळीला ‘पेट्रोल पाइप’ हेच नाव रूढ आहे. जुनी गाडी पुन्हा उभी करताना पत्राकाम, रंग आणि गादीकाम यांवर महिनोन्‌महिने खर्च होतात, तर करंगळीपेक्षाही बारीक असलेली ही नळी शेवटच्या दिवशी घाईने ओढली जाते. हा क्रम उलटा असायला हवा. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या तापमानालाही ठिणगीने पेटू शकते. ती हवेपेक्षा तीन ते चार पट जड असल्यामुळे वर उडून न जाता जमिनीलगत पसरते आणि गॅरेजच्या खड्ड्यात साचून राहते.

खानदेशात, म्हणजे धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, असे काम प्रामुख्याने अॅम्बॅसडर, प्रीमिअर पद्मिनी आणि जुन्या पेट्रोल जीप यांवर होते. पद्मिनीची टाकी मागे आणि इंजिन पुढे असल्याने नळी जवळजवळ गाडीच्या लांबीइतकी धावते. जीपमध्ये टाकी पुढच्या आसनाखाली असल्यामुळे अंतर कमी, पण टाकी माणसाच्या अगदी जवळ असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळते. चेसिस (गाडीचा खालचा सांगाडा), बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही. त्यामुळे नळीसाठी चेसिसला नवी भोके पाडण्याऐवजी कारखान्याने दिलेल्या जुन्या भोकांचा आणि पकडींचा माग काढणे हेच शहाणपणाचे आहे. मूळ मार्ग बहुतेक वेळा विचारपूर्वक आखलेला असतो आणि बदल करायचा तो नळीच्या मालात करावा, असे या कामाचा अनुभव सांगतो.

मार्ग ठरवताना पहिला विचार सायलेन्सरच्या पाइपचा असतो. नळी शक्यतो गाडीच्या दुसऱ्या अंगाने न्यावी. जिथे दोन्ही जवळ येणे टळत नाही तिथे निदान वीतभर अंतर ठेवून मध्ये पत्र्याचा आडोसा द्यावा, आणि तो पत्राही नळीला टेकू देऊ नये. अॅम्बॅसडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा तापट भाग) एकाच अंगाला असल्यामुळे शेवटच्या हातभर टप्प्यात विशेष काळजी घ्यावी लागते. नळी चेसिसच्या खालच्या कडेपेक्षा खाली लोंबू नये, नाहीतर शेतरस्त्यावरचा दगड किंवा चाकोरीमधला उंचवटा तिला चेपतो. बॅटरीच्या जाड तारेसोबत ती एकाच पट्टीने बांधणे तर कधीच करू नये, कारण तारेचे आवरण घासून उघडे पडले की ठिणगी आणि इंधन एकाच जागी येतात. पत्र्यातून आरपार जाताना भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेने नळी घासू न देणारी कडी, हवीच.

उन्हाळ्याचा प्रश्न खानदेशात इतर अनेक भागांपेक्षा अधिक टोकाचा आहे. भुसावळ आणि जळगाव येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पेट्रोलमधील हलके घटक साधारण ३५ अंशांपासूनच उकळू लागतात. पद्मिनीसारख्या गाडीत पंप इंजिनावर बसवलेला असून तो मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. त्यामुळे टाकी ते पंप या सर्व लांबीत दाब हवेच्या दाबापेक्षा कमी असतो आणि उकळण्याचे तापमान आणखी खाली येते. नळीत वाफेचे बुडबुडे धरले की पंप पेट्रोलऐवजी वाफच ओढतो आणि गाडी बंद पडते. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. चाळीसगावहून कन्नडकडे चढणाऱ्या औट्रम घाटात दुपारी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकून बसलेला चालक हे जुन्या पिढीच्या परिचयाचे दृश्य आहे. फडक्याने तात्पुरते काम भागते. खरा उपाय म्हणजे नळी गरम भागांपासून दूर नेणे, जिथे उंचवट्यावर वाफ अडकेल अशी वळणे टाळणे आणि शक्य तिथे जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी दुसरी नळी बसवणे.

टाकी ते पंप या ओढीच्या बाजूची आणखी एक गोष्ट फार लोकांच्या लक्षात येत नाही. इंजिन चालू असताना या भागातल्या फटीतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते, म्हणून गळती दिसत नाही. दिसतात ते पारदर्शक फिल्टरमधले बुडबुडे. कोरड्या नळीवरून ती ठीक आहे असा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

मालाच्या बाबतीत आज जुना अनुभव पुरत नाही, कारण पेट्रोलच बदलले आहे. २०२२ मध्ये देशाने १० टक्के इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट गाठले आणि २०२३ पासून २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबराला फुगवते, मऊ करते व शेवटी चिरा पाडते. म्हणून लवचीक भागासाठी फ्लोरोइलॅस्टोमरचे (इथेनॉल सोसणाऱ्या कृत्रिम रबराचे) आतील अस्तर असलेला, ‘एसएई जे३० आर९’ असा मानकाचा छाप असलेला होज, म्हणजे रबरी नळी, घ्यावा, आणि तो सलग मागून पुढेपर्यंत न ओढता मधला सर्व भाग पोलादाच्या किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या नळीचा ठेवावा. निव्वळ तांब्याची नळी वाकवायला सोपी असली तरी हादऱ्यांनी कडक होऊन तडकते. जळगाव परिसरात ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या घरोघरी सहज सापडतात आणि गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी तर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. निकड म्हणून यांपैकी काहीही पेट्रोलसाठी वापरू नये. या नळ्या पाण्यासाठी बनवलेल्या असतात आणि पेट्रोलने किंवा इंजिनाच्या उष्णतेने त्या मऊ तरी पडतात किंवा ताठरून चिरतात.

नळी पकडणाऱ्या क्लिपा दर ३० ते ४५ सेंटीमीटरवर आणि प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंना असाव्यात, व त्यांना आतून रबराचे अस्तर असावे. जुन्या गाडीची नळी उतरवली की नेमक्या क्लिपेच्या जागी चकचकीत घासलेला पट्टा दिसतो. त्याच्या भोवती पावसाळ्यातली काळी माती घट्ट बसलेली असते. ती ओल धरून ठेवते आणि पोलाद तिथूनच गंजते. बोटाने खरवडल्यावर गंजाचा पापुद्रा निघाला, तर ती नळी पुन्हा वापरू नये. इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर हलत असल्यामुळे चेसिसवरची पक्की नळी आणि पंप यांच्यामध्ये होजचा थोडा सैल तुकडा ठेवावा लागतो. धातूच्या नळीच्या टोकाला कडेभोवती उंचवटा काढलेला असावा, होज त्यावर इंचभर चढवावा आणि गुळगुळीत कडांची क्लिप वापरावी, कारण दातेरी पट्टीची क्लिप रबर कापते. कापसाच्या गोदामाशेजारी किंवा गोठ्यात उभी असलेली गाडी असेल तर उंदरांनी होज कुरतडला आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

विजेवर चालणारा पंप नव्याने बसवायचा झाल्यास तो टाकीजवळ आणि खालच्या पातळीवर असावा, आणि त्याच्या तारेत अपघाताच्या धक्क्याने बंद होणारा स्विच घालावा. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करणे मात्र अत्यंत धोक्याचे आहे, कारण तिच्यात वाफ शिल्लक असते.

पेट्रोल भरण्याआधी नळीच्या टोकांना पंप आणि टाकीपासून सोडवून हलक्या दाबाची हवा द्यावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. त्यानंतर थोडेसे पेट्रोल घालून, जवळ पावडरचा अग्निशामक ठेवून, मोकळ्या जागेत इंजिन चालू करावे. खड्ड्यावर उभ्या गाडीत हे कधीही करू नये. रात्रभर बंद शेडमध्ये ठेवलेल्या गाडीपाशी सकाळी पेट्रोलचा वास आला, तर दिव्याचे बटण न दाबता दार सताड उघडून बाहेर यावे, आणि वाफ पुरती निघून गेल्यावर बॅटरीची तार सोडवून मगच गळती शोधावी.