अमेरिकेची तटस्थता

परकीय युद्धांत न उतरता लढणाऱ्या दोन्ही पक्षांशी व्यापार चालू ठेवण्याचे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे धोरण आणि त्यासाठी केलेले कायदे. १७९३ ते १९४१ या काळात हे धोरण कधी काटेकोरपणे, तर कधी नावापुरतेच पाळले गेले. व्यापार हा त्याचा कणा होता, आणि ते वारंवार अडचणीत आले तेही जहाजे, माल आणि कर्जे यांच्यापायी.

१७७८ च्या मैत्रीच्या तहाने अमेरिका फ्रान्सला बांधलेली होती. १७९३ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन पेचात सापडले. अर्थमंत्री हॅमिल्टन यांना तह गुंडाळून ठेवावा असे वाटत होते. परराष्ट्रमंत्री जेफरसन तो पाळावा या मताचे होते. युद्धात पडू नये, एवढ्यावर मात्र दोघांचे एकमत होते. २२ एप्रिल १७९३ रोजी वॉशिंग्टन यांनी अलिप्त राहण्याची घोषणा काढली. फ्रान्सचे नवे राजदूत झने यांनी तिला जुमानले नाही. चार्ल्स्टन बंदरात उतरताच त्यांनी ब्रिटिश जहाजे लुटण्याचे परवाने वाटायला सुरुवात केली. अशा एका जहाजावर काम केलेला अमेरिकन खलाशी गिडियन हेनफिल्ड याच्यावर फिलाडेल्फियात खटला भरला, पण ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. अध्यक्षांच्या घोषणेला कायद्याचे बळ नव्हते, हे यातून उघड झाले. ती उणीव १७९४ च्या तटस्थता कायद्याने भरून काढली: अमेरिकेशी शांततेचे संबंध असलेल्या देशाविरुद्ध अमेरिकन भूमीवरून लष्करी मोहीम उभारणे गुन्हा ठरले.

नेपोलियनच्या युद्धांत ब्रिटन आणि फ्रान्स दोघांनीही अमेरिकन गलबते अडवली. ब्रिटिश नौदल तर अमेरिकन जहाजांवरून खलाशी पकडून नेई. आता अध्यक्ष झालेल्या जेफरसन यांनी १८०७ मध्ये परदेशी व्यापारच बंद करून पाहिला. त्याची झळ लंडनपेक्षा अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडच्या बंदरांनाच जास्त बसली, आणि १८१२ मध्ये ब्रिटनशी युद्ध जुंपले. अमेरिकेतील उत्तर-दक्षिण यादवी युद्धात (१८६१-६५) पारडे फिरले. तटस्थ ब्रिटनच्या गोदीत बांधलेल्या, दक्षिणेच्या ‘अलाबामा’ या युद्धनौकेने उत्तरेची व्यापारी जहाजे बुडवली, त्याबद्दल १८७२ मध्ये जिनीव्हाच्या लवादाने ब्रिटनला १ कोटी ५५ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली.

ऑगस्ट १९१४ मध्ये, पहिले महायुद्ध पेटले तेव्हा, अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी देशबांधवांना मनानेही निःपक्षपाती राहायला सांगितले. ते मनापासूनचे असेल. बाजाराने मात्र बाजू केव्हाच निवडली होती. ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीशी व्यापार आटला आणि १९१७ पर्यंत दोस्त राष्ट्रांना सुमारे २३० कोटी डॉलर कर्ज गेले; जर्मनीच्या वाट्याला तीन कोटीही आले नाहीत. मे १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘लुसिटानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट बुडवली, त्यात १२८ अमेरिकन दगावले. विल्सन यांची जर्मनीबद्दलची कडक भाषा न पटल्याने परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी राजीनामा दिला. ६ एप्रिल १९१७ रोजी अमेरिका युद्धात उतरली.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत तटस्थता कायद्याचा बडगा भारतीय क्रांतिकारकांवर उगारला गेला. गदर पक्षाच्या भारतातील उठावासाठी जर्मनांच्या पैशाने घेतलेली शस्त्रे ‘अॅनी लार्सन’ या गलबतावर सॅन दिएगोत चढवली होती; समुद्रात ठरलेल्या जहाजाशी गाठ न पडल्याने ती १९१५ मध्ये अमेरिकेतच पकडली गेली. खटला उभा राहिला तेव्हा अमेरिका स्वतः ब्रिटनच्या बाजूने लढत होती आणि आरोप होता तटस्थता मोडल्याचा! तारकनाथ दास यांच्यासह अनेकांना शिक्षा झाल्या. पक्षाच्या सुरुवातीच्या संघटकांत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते; अमेरिकेतून परतलेले विष्णू गणेश पिंगळे १९१५ मध्येच लाहोरला फासावर गेले होते.

सावकार आणि शस्त्रकारखानदारांनी देशाला युद्धात ओढले, ही भावना सिनेटर नाय यांच्या चौकशी समितीमुळे बळावली. १९३५ पासून लढणाऱ्या देशांना शस्त्रे विकण्यास बंदी आली. आक्रमक आणि आक्रमणाचा बळी यांत हा कायदा फरक करत नव्हता, हा त्याचा मोठा दोष. १९३७ मध्ये स्पेनच्या यादवीलाही बंदी लागू झाली. चीनवर जपानने हल्ला केला तेव्हा युद्ध जाहीर झालेले नाही या सबबीवर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी कायदा लागूच केला नाही, कारण चीनचीच कोंडी झाली असती. १९३९ मध्ये ‘रोख पैसे द्या आणि माल स्वतः न्या’ या अटीवर शस्त्रविक्री खुली झाली. ही अट पाळण्यासाठी कॅलिफोर्नियात बनलेली बॉम्बफेकी विमाने नॉर्थ डकोटातील पेम्बिनासारख्या सीमेवरच्या गावी उतरवत आणि ओढत कॅनडाच्या हद्दीत नेत.

सप्टेंबर १९४० मध्ये ५० जुन्या विनाशिका (वेगवान युद्धनौका) ब्रिटनला देऊन बदल्यात नाविक तळ घेतले, मार्च १९४१ मध्ये शस्त्रे व माल उसनवारीने पुरवण्याची मुभा देणारा उसनवार-भाडेपट्टा कायदा आला. ऑक्टोबरअखेर ‘रूबेन जेम्स’ ही अमेरिकन विनाशिका जर्मनांनी बुडवली. नोव्हेंबरमध्ये कायद्यातील उरलीसुरली मुख्य बंधने गेली, आणि ७ डिसेंबरला पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडले.

१७९४ च्या कायद्यातले मोहिमेविषयीचे कलम आजही लागू असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डॉमिनिका बेटावरचे सरकार उलथवण्यासाठी न्यू ऑर्लिन्सहून निघण्याच्या तयारीत असलेल्या भाडोत्री टोळीला १९८१ मध्ये याच कलमाखाली शिक्षा झाली.