रीत बदलली की श्रद्धा?

मावशी गेली त्या दिवशी पाऊस नुसता कोसळत होता. बोरिवलीला चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आम्हा कॅथलिकांची उपासना, झाली आणि शवपेटी दफनभूमीकडे न जाता विद्युतदाहिनीकडे निघाली. तिचीच तशी इच्छा होती. पायरीवर छत्री झटकत शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "अगं, तुमच्यात पुरतात ना? आता तुमचाही धर्म बदलला म्हणायचा." मी काही बोलणार तेवढ्यात वसईहून आलेले मामा मागून पुटपुटले, "धर्म कसला बदलतोय, मुंबईत जागा नाही एवढंच."

दोघंही अर्धे-अर्धे बरोबर होते. घोळ एवढाच, की दोघं दोन वेगळ्या गोष्टींना धर्म म्हणत होते.

पहिली गोष्ट श्रद्धा. दर रविवारी मिस्सेत उभं राहून आम्ही सगळे एका सुरात म्हणतो ती: देव एक आहे, येशू देवही आहे आणि माणूसही, तो क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला, मेलेले पुन्हा उठतील. तिचा मसुदा निकेयाच्या धर्मपरिषदेत इसवी सन 325 मध्ये झाला, 381 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला त्यात भर पडली, आणि तीच आम्ही आज मराठीत म्हणतो. दुसरी गोष्ट रीत. मिस्सा कोणत्या भाषेत, उपवास किती तासांचा, बायकांनी डोक्यावरून पदर घ्यायचा की नाही, धर्मगुरूनं लग्न करायचं की नाही, मेलेल्याला पुरायचं की जाळायचं. (धर्मगुरूंचं ब्रह्मचर्यही रीतच बरं का. पूर्वेकडच्या काही कॅथलिक चर्चमध्ये विवाहित धर्मगुरू आहेत आणि ते रोमशी पूर्ण जोडलेले आहेत.)

घरात मात्र दोन्ही एकाच ताटात वाढलेलं येतं. आजीनं "शुक्रवारी मटण नाही" आणि "येशू मेलेल्यांतून उठला" या दोन गोष्टी आम्हाला एकाच आवाजात, एकाच चिमट्यासकट शिकवल्या. 1966 मध्ये रोमनं शुक्रवारच्या नेमात सवलत दिली आणि त्याऐवजी काय करायचं ते त्या त्या देशातल्या बिशपांवर सोपवलं, तेव्हा तिच्या पिढीतल्या कितीतरी जणांना पायाखालचा दगडच सरकल्यासारखं झालं असणार. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, घेण्याआधीचा उपवास मध्यरात्रीपासून असायचा. तो 1957 मध्ये तीन तासांवर आला, 1964 मध्ये एका तासावर. लॅटिन गेली, मराठी आली. श्रद्धेच्या वाक्यात यानं काना-मात्रेचाही फरक पडला नाही.

दहनाचं प्रकरण जरा खोल आहे. रोमनं दहनाला बंदी घातली 1886 मध्ये, आणि तीही युरोपातल्या एका भांडणापायी. तिथे फ्रीमेसन (एक गुप्त बंधुसंघटना) आणि चर्चविरोधी मंडळी मेल्यानंतर काहीच उरत नाही हे जगाला ठणकावून सांगायला मुद्दाम दहन करवून घेत होती. म्हणजे आग हा पुनरुत्थान नाकारण्याचा जाहीरनामा झाला होता. पुढे तो अर्थ विरला आणि 1963 मध्ये बंदी उठली. अट एवढीच, की पुनरुत्थान नाकारण्यासाठी दहन निवडलेलं नसावं. 2016 मध्ये आणखी स्पष्ट केलं: अस्थी दफनभूमीसारख्या पवित्र जागी ठेवा, उधळू नका, घरात ठेवू नका. 2023 मध्ये तेवढ्यात थोडी ढील मिळाली, परवानगी घेऊन अगदी अल्पसा अंश एखाद्या जिव्हाळ्याच्या जागी ठेवता येईल अशी.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे चितेला नास्तिकपणाची खूण म्हणणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. तरी पॅरिस आणि मिलानमधल्या भांडणातून निघालेला नियम वसईच्या वाडीत भाजी पिकवणाऱ्यालाही लागू झाला. ख्रिस्ती धर्म समाजाबरोबर बदलतो का, असं कुणी विचारलं की मी म्हणूनच उलट विचारते: कोणत्या समाजाबरोबर?

आणि मामांच्या जागेच्या मुद्द्याचं म्हणाल, तर तोही खोटा नाही. मुंबईत कायमची कबर ही चैन झाली आहे. बहुतेकांना मिळते ती तात्पुरती. काही वर्षांनी ती उघडतात, हाडं भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्या खड्ड्यात दुसरं कुणीतरी येतं. दहनाच्या नावानं नाक मुरडणाऱ्यांचीही हाडं शेवटी मावशीच्या राखेच्या शेजारीच येतात.

कोणता समाज, या प्रश्नावर भारतात तीनशे वर्षं वाद झाला. 1606 मध्ये रॉबर्ट दि नोबिली हा जेझुइट या कॅथलिक संघाचा इटालियन धर्मगुरू मदुराईला पोहोचला. त्यानं भगवी वस्त्रं घातली, शाकाहार धरला आणि नवख्रिस्तींना जानवं, शेंडी, चंदन ठेवू दिलं. हे सामाजिक चिन्ह आहे, देवपूजा नव्हे, असं त्याचं म्हणणं. 1623 मध्ये पोपनी ते मान्य केलं. 1704 मध्ये रोमच्या प्रतिनिधीनं यातल्या बऱ्याच गोष्टींवर बंदी आणली, 1744 मध्ये त्या बंदीवर पक्की मोहोर उठली, आणि मिशनरींना ती पाळण्याची शपथ घ्यावी लागू लागली. ती शपथ रद्द व्हायला 1940 उजाडलं. मग 1969 मध्ये भारतीय बिशपांनी मागितलेल्या बारा गोष्टींना रोमनं परवानगी दिली: मिस्सेत मांडी घालून बसणं, हात जोडून नमस्कार, मेणबत्तीऐवजी समई, आरती. आज मराठी मिस्सेत आरतीचं ताट ओवाळतात ते त्या परवानगीच्या जोरावर. म्हणजे रीत नेहमी सैल होत जाते असंही नाही. ती आधी सैल होती, मग आवळली, मग पुन्हा सैल झाली. एकीकडे हे सगळं चालू असताना मुंबईच्या गावठाणांतल्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिकांच्या) लग्नघरांतून वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी आणणं चालूच राहिलं. त्या बायकांनी रोमला काही विचारलं असेल असं मला वाटत नाही.

माझं लाडकं उदाहरण मात्र सोरपोतेलचं.

नाताळाच्या आधी आजी डुकराचं मांस उकडून बारीक चौकोनी कापत बसायची. बाजूला पातेल्यात रक्त. त्यात व्हिनेगर घालून ढवळत राहायचं, हात थांबला की गुठळी. ते काम आम्हा मुलांकडे असायचं. एकदा बायबल वाचताना 'प्रेषितांची कृत्ये'च्या पंधराव्या अध्यायाशी आले आणि हातातलं पातेलं आठवलं. पहिल्याच शतकात, इसवी सन 50 च्या आसपास, प्रेषित यरुशलेमला जमले होते. यहुदी नसलेल्या ख्रिस्तींनी सुंता करायची का, हा प्रश्न. निर्णय झाला, नको. पण त्याच पत्रात लिहिलं, की मूर्तीपुढचा नैवेद्य, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि व्यभिचार यांपासून दूर राहा. रक्त! साक्षात प्रेषितांची सही असलेली बंदी, आणि आम्ही नाताळाला पातेलं भरून ढवळतोय.

पूर्वेकडच्या चर्चनं ही बंदी 692 च्या परिषदेत पुन्हा बजावली. पश्चिमेकडे ती हळूहळू गळून पडली, आणि 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेनं कारणही सांगून टाकलं: यहुदी आणि इतर एका पंगतीत बसायला शिकत होते, कुणाला किळस येऊ नये म्हणून तो नेम होता. आता ते कारण उरलं नाही, तर नेमही उरला नाही. इथिओपियाचे ख्रिस्ती मात्र अजूनही डुक्कर खात नाहीत.

त्या एकाच पत्रात चार गोष्टी एका ओळीत आहेत. त्यातली व्यभिचाराची मनाई कायमची ठरली आणि रक्ताची तात्पुरती. पत्र लिहिताना कुणी समासात 'ही श्रद्धा', 'ही रीत' असा शेरा मारलेला नाही. वर्गवारी नंतर झाली, शेकडो वर्षांनी. म्हणूनच कुणी फार ठामपणे "ही फक्त रीत आहे हो, मूळ काही बदललेलं नाही" असं म्हणालं, की मी जरा सावध होते. (आता आमच्याकडेही सोरपोतेलात रक्त घालत नाहीत. त्याचा प्रेषितांशी काही संबंध नाही, सुनांना बघवत नाही.)

श्रद्धा आणि रीत यांच्या मध्ये आणखी एक चीज असते, समजूत. बाप्तिस्मा होण्याआधी बाळ गेलं तर ते लिंबोत जातं असं शिकवायचे, म्हणजे ना स्वर्गात, ना यातनेत, मधल्याच कुठल्यातरी जागी. अशा बाळाला दफनभूमीच्या आशीर्वादित भागात जागा नसायची, बाहेर कोपऱ्यात पुरायचे. किती आयांनी ते आयुष्यभर उरात वागवलं असेल. 2007 मध्ये रोमच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानं लिहिलं, की लिंबो हा कधीच बंधनकारक सिद्धांत नव्हता, विद्वानांचं एक मत होतं, आणि अशी बाळं तारली जातील अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. कागदोपत्री श्रद्धा बदलली नाही हे खरंच आहे. त्या कोपऱ्यात बाळ पुरून आलेल्या बाईला मात्र हा फरक कुणी सांगितला नव्हता.

सगळ्यात अवघड जागा व्याजाची आणि गुलामगिरीची. 1179 च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेनं उघड व्याजबट्टा करणाऱ्याला ख्रिस्तप्रसाद नाकारला आणि ख्रिस्ती दफनही नाकारलं. आणि 1918 मध्ये वसईत मोन्सिनियर पी. जे. मोनिस या धर्मगुरूंनीच पतपेढी काढली, तीच आजची बसीन कॅथलिक बँक. यावर चर्चचं उत्तर असं, की तेव्हा कर्ज म्हणजे उपाशी माणसाला दिलेले दाणे, त्यावर नफा काढणं पाप. पुढे पैसा धंद्यात गुंतू लागला आणि त्याचं स्वरूपच पालटलं. मला हे पटतं. गरिबाला पिळू नये हे मूळ आजही तसंच आहे, आणि सावकाराच्या तावडीतून शेतकरी सोडवायला काढलेली पतपेढी त्या मूळाच्या जवळचीच म्हणायची.

गुलामगिरीबद्दल हे उत्तर मला पुरत नाही. 1452 मध्ये पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्तींना जिंकून कायमचं गुलाम करायची मुभा लेखी दिली. त्याच पोर्तुगालच्या हाती 1534 मध्ये वसई आणि मुंबईची बेटं आली. 1537 मध्ये तिसरे पॉल यांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना गुलाम करू नका म्हणून बजावलं, 1839 मध्ये सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचाच निषेध केला, आणि पंधराव्या शतकातली ती फर्मानं कॅथलिक श्रद्धेचा भाग कधीच नव्हती असं व्हॅटिकननं सांगितलं ते मार्च 2023 मध्ये. असेलही. पण चर्चच्या नैतिक शिकवणीत इथे बदल झाला, आणि त्यात बाहेरच्या समाजाचा वाटा होता, एवढं कबूल करायला हरकत नसावी. फाशीचंही तेच. ऑगस्ट 2018 मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद 2267 बदलला आणि फाशी अस्वीकार्य ठरली. आधीच्या मजकुरात तिला थोडी जागा होती.

जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मगुरूंनी 1845 मध्ये यावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि लिहिता लिहिता अँग्लिकनचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, कॅथलिक झाले. सिद्धांत वाढतो, त्याची वाढ खरी की तो बिघाड हे ओळखायच्या खुणा आहेत, असं त्यांचं प्रतिपादन. त्याही आधी, पाचव्या शतकात, लेरँच्या व्हिन्सेंटनं मुलाच्या शरीराची उपमा दिली होती: पोर मोठं होतं, अवयव वाढतात, माणूस तोच राहतो. उपमा सुंदर आहे. फक्त हात वाढलाय की सहावं बोट फुटलंय, हे ठरवणार कोण?

कारण ठरवणारे बदलले की खणही बदलतात. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथीड्रल ज्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं आहे, ते 1970 मध्ये नागपूरला सहा प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन झालं, आणि त्यांच्यात स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळते. दक्षिणेतल्या त्यांच्या भावंड चर्चमध्ये 2013 मध्ये स्त्री बिशपही झाली. कॅथलिक चर्चनं 1994 मध्ये सांगितलं, की स्त्रीला धर्मगुरू करण्याचा अधिकारच चर्चला नाही. निकेयाची तीच वाक्यं दोघं म्हणतात. स्त्रीची दीक्षा मात्र एकानं बदलता येणाऱ्या रीतीच्या खणात ठेवली आणि दुसऱ्यानं श्रद्धेच्या.

हे सगळं काकूंना त्या पावसात पायरीवर सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं ते नोव्हेंबरात. 2 तारखेला मृतांचा दिवस, आम्ही झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्या घेऊन निघालो तर त्या म्हणाल्या, मीही येते. वाटेत विचारलं, "अस्थी नाशिकला नेल्यात की इथेच समुद्रात?" मी म्हटलं, विसर्जन चालत नाही आमच्यात, भिंतीत कोनाडा घेतलाय. तिथे पोहोचलो. हातभर लांब संगमरवरी झाकण, त्यावर मावशीचं नाव, वर-खाली, आजूबाजूला तसलीच शंभर झाकणं. मामा वाऱ्याला पाठ करून मेणबत्ती पेटवायच्या खटपटीत होते. काकूंनी झाकणावरून बोट फिरवलं, नाव वाचलं, आणि मामांकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे जाळूनही शेवटी पुरलंच म्हणा की."

मामा म्हणाले, "काडेपेटी धरा जरा."